भोपळा लावा, पण तारीख उलटी मोजून

बियाण्याच्या पाकिटावर 'शंभर दिवसांत तयार' असं छापलेलं असतं, आणि थंड हवेत भोपळा लावणारे बरेच जण तिथेच फसतात. वसंतातला शेवटचा फ्रॉस्ट आणि पानगळीतला पहिला फ्रॉस्ट (दव गोठून पानांवर पांढरा थर बसतो ती रात्र) यांच्यामध्ये आपल्याकडे एकशेदहा दिवस आहेत, म्हणजे शंभर दिवसांचा वाण आरामात बसला, असा त्यांचा हिशोब. मग सप्टेंबर उजाडतो, वेलावर हिरवीगार पाणचट फळं लोळत असतात आणि रात्रीचा पारा घसरायला लागलेला असतो.

पाकिटावरचे ते शंभर दिवस ऊबदार प्रदेशातले असतात. भोपळ्याच्या वेलाला तारीख कळत नाही, ऊब कळते. साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली तो जागचा हलतच नाही. त्याच्या वर जेवढे अंश, तेवढी त्याची त्या दिवसाची कमाई. दिवसरात्रीची सरासरी १५ अंश असेल तर पाचाची कमाई, २२ असेल तर बाराची. म्हणजे गारठलेल्या जूनमधले जवळजवळ अडीच दिवस मिळून ऊबदार गावातला एक दिवस भरतो. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या सगळ्या खटाटोपाचा अर्थ लागतो. सुरुवातीला वेलाला मिळेल तिथून ऊब पुरवायची, आणि तारखा शेवटाकडून मागे मोजायच्या. मी दरवर्षी एवढंच करते.

उलटी मोजणी

कागद घ्या आणि तुमच्याकडे पहिला फ्रॉस्ट साधारण कधी पडतो ती तारीख खाली लिहा. उदाहरणासाठी १५ सप्टेंबर धरू. (दक्षिण गोलार्धात असाल तर सहा महिने सरकवून घ्या.) त्यातून पाच-सात दिवस हवामानाच्या लहरीसाठी सोडा. उरले ८ सप्टेंबर; त्या दिवशी फळं घरात आलेली हवीत.

आता महत्त्वाचा आकडा. मादी फूल फळल्यापासून ते फळ पूर्ण पिकेपर्यंत विंटर स्क्वॉशला, म्हणजे पिकवून साठवायच्या जातींना, साधारण ५० ते ५५ दिवस लागतात. त्यातल्या बटरनट या जातीला ६० सुद्धा लागतात. ८ सप्टेंबरातून ५० दिवस मागे गेलात की २० जुलै येतो. २० जुलैनंतर फळलेलं फूल कितीही देखणं असलं तरी ते तुम्हाला पिकलेला भोपळा देणार नाही. ही तारीख लाल पेनाने लिहून ठेवा. पुढे तिच्यावर बरंच काही ठरणार आहे.

पेरल्यापासून पहिलं मादी फूल उमलेपर्यंत थंड हवेत ५५ ते ६० दिवस धरा. २० जुलैच्या आत निदान आठवडाभर तरी फुलं मिळायला हवीत, म्हणजे पहिलं फूल १२-१३ जुलैला. तिथून मागे गेलं की पेरणी येते मेच्या मध्यावर. पण मेच्या मध्याला बाहेरची माती बर्फाच्या पाण्यासारखी गार. म्हणून पेरणी घरात करायची, आणि शेवटचा फ्रॉस्ट उलटून गेला की, जूनच्या पहिल्या आठवड्यात, रोप बाहेर लावायचं. हिशोब जेमतेम बसतो, पण बसतो. तुमच्या तारखा टाकून पाहिल्यावर बसत नसेल तर वाण बदला. पेरणी आणखी मागे ओढण्याचा मोह टाळा, त्याचं कारण पुढे येईल.

वाण निवडताना

समर स्क्वॉशबद्दल फार बोलायला नको. झुकिनी आणि तिची भावंडं कोवळी असतानाच तोडायची असतात, पेरल्यापासून ५०-५५ दिवसांत सुरू होतात, आणि उन्हाळा कितीही तोकडा असला तरी शेजाऱ्यांना वाटत फिरावं लागेल इतकी येतात. थंड हवेत पहिल्यांदाच लावत असाल तर एक झुकिनी लावाच. मन खचत नाही.

खरा प्रश्न विंटर स्क्वॉशचा. बाजारात मिळणाऱ्या जाती मुख्यतः तीन प्रजातींमधल्या असतात आणि त्यांचा मूळ मुलूख वेगवेगळा आहे, हे बियाणं विकत घेताना लक्षात ठेवलेलं बरं.

कुकुर्बिटा मॅक्सिमा ही दक्षिण अमेरिकेच्या समशीतोष्ण भागातून आलेली. तिला थोडा गारवा चालतो. हबर्ड, बटरकप, कबोचा, रेड कुरी हे सगळे तिचेच. थंड हवेतल्या माणसाने पहिला डाव इथेच टाकावा. रेड कुरी ९०-९५ दिवसांचा, कांद्यासारख्या घाटाचा, केशरी; वेल आवरता येण्याजोगा असतो आणि दीड-दोन किलोची फळं देतो. 'गोल्ड नगेट' झुडपासारखा वाढतो, पसरत नाही, ८५ दिवसांत होतो, आणि तो अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटासारख्या थंड राज्यात तयार झालेला आहे. हबर्ड मला आवडतो, पण त्याला १०५ ते ११५ दिवस लागतात; हंगाम जरा ऐसपैस असेल तरच त्याच्या वाटेला जा.

कुकुर्बिटा पेपो म्हणजे झुकिनी, एकॉर्न, डेलिकाटा आणि हॅलोविनला कोरायचे नारिंगी भोपळे. एकॉर्न ८० ते ९० दिवसांत येतो. फळ लहान, त्यामुळे पिकायलाही कमी वेळ. कोरायच्या मोठ्या भोपळ्यांमध्ये 'हाउडेन' प्रसिद्ध आहे, पण तो ११५ दिवसांचा. पाकिटावरचा फोटो बघून भुलू नका. त्याच्याऐवजी ९० ते १०० दिवसांचा, दोन-तीन किलोचा वाण घ्या.

कुकुर्बिटा मोशाटा, म्हणजे बटरनट आणि कंपनी, ही उष्ण प्रदेशातली प्रजात. तिला रात्रीसुद्धा ऊब लागते. बटरनटची चव मला ठाऊक आहे, त्यामुळे लोक त्याच्यामागे का धावतात तेही कळतं. पण 'वॉल्थम बटरनट' १०५ ते ११० दिवसांचा, आणि तेही ऊबदार दिवस. लावायचाच असेल तर 'बटरबुश'सारखा लवकर येणारा, आखूड वेलाचा वाण घ्या, कमानींवर ताणलेल्या प्लास्टिकच्या बोगद्यात वाढवा, आणि वाफ्यातली सगळ्यात उबदार जागा त्याला द्या. बाकीच्यांनी मॅक्सिमावर समाधान मानावं. कबोचाचा गर काही कमी नसतो.

एक फसवी जात सांगून ठेवते. अंजीरपानी भोपळा, कुकुर्बिटा फिसिफोलिया, हा डोंगराळ थंड भागातला म्हणून कुणीतरी सुचवतंच. थंडी त्याला चालते हे खरं, त्याची मुळं गार मातीतही चांगली काम करतात म्हणून काकडीचं कलम त्याच्यावर बांधतात. पण त्याला फुलायला दिवस लहान व्हावे लागतात. उत्तरेकडच्या लांबलचक उन्हाळी दिवसांत तो नुसता पसरतो आणि फ्रॉस्टच्या तोंडावर फुलतो.

आणि राक्षसी भोपळ्यांचं म्हणाल, तर थंड प्रदेशाला त्यात अजिबात कमीपणा नाही. त्या सगळ्यांचा पूर्वज 'अटलांटिक जायंट' हा वाण कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात हॉवर्ड डिल यांनी तयार केला, आणि २०२३ मध्ये १,२४७ किलोचा जागतिक विक्रम केला तो अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या भोपळ्याने. पण त्यासाठी एप्रिलपासून तापवलेली माती, झाकलेला वेल आणि त्याच्यामागे पूर्ण उन्हाळा देणारा माणूस लागतो. खाण्यासाठी तो भोपळा काही कामाचा नाही.

बी आणि रोप

भोपळ्याचं बी १५ अंशांच्या मातीत उगवायला दोन-दोन आठवडे लावतं आणि बहुतेक वेळा त्याआधीच कुजतं. ३० अंशांत तेच बी चार-पाच दिवसांत वर येतं. सगळा फरक या आकड्यांत आहे. त्यामुळे खिडकीत ठेवलेल्या कुंडीवर विसंबू नका; खिडकीची कड रात्री गार पडते. हीट मॅट (कुंडीखाली ठेवायची, विजेवर तापणारी चटई) असेल तर उत्तम. नसेल तर फ्रिजच्या वर, बॉयलरच्या कपाटात, घरातली जी जागा रात्रंदिवस उबदार असते तिथे कुंड्या ठेवा. उगवेपर्यंत उजेड लागतच नाही.

कुंडी ९-१० सेंटिमीटरची घ्या, लहान ट्रे नको. भोपळ्याच्या मुळांना कुणी छेडलेलं खपत नाही, त्यामुळे एकदाच अशा कुंडीत पेरायचं की तिथून थेट वाफ्यात जाईल. कागदाच्या किंवा पीटच्या (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाच्या) कुंड्या सोयीच्या, पण पीटच्या कुंडीचा वरचा काठ लावताना फाडून टाका. तो मातीच्या वर राहिला तर वातीसारखा ओलावा ओढून घेतो आणि मुळं सुकतात. माती ओली करून घट्ट पिळल्यावर एखाद-दुसराच थेंब पडावा, इतपतच दमट. बी अडीच सेंटिमीटर खोल, आडवं. एका कुंडीत दोन बिया, आणि दुबळं रोप नंतर कात्रीने कापायचं. उपटायचं नाही, शेजारच्याची मुळं हलतात.

बी वर दिसलं की त्याच दिवशी उष्णतेवरून काढून भरपूर उजेडात आणायचं आणि तापमान २० अंशांच्या आसपास ठेवायचं. एक रात्र जरी अंधारात आणि उकाड्यात राहिलं तरी देठ सुतळीसारखा लांबतो आणि मग ते रोप वाऱ्यात कधीच उभं राहत नाही. पाणी देताना वरची माती जरा सुकू द्या. सतत चिखल ठेवलात तर जमिनीलगत देठ काळा पडतो आणि रोप आडवं होतं. त्याला औषध नाही.

आता लवकर पेरण्याच्या मोहाबद्दल. मार्चमध्येच बी घालून 'मी किती पुढे आहे' म्हणणारे लोक असतात. पेरल्यापासून तीन आठवडे, फार तर चार, एवढाच काळ भोपळा कुंडीत राहू शकतो. त्यानंतर मुळं तळाशी गोल फिरतात, पानं पिवळी पडतात, कधी कधी कुंडीतच कळ्या येतात. असं रोप लावलं की ते दोन-तीन आठवडे तसंच बसून राहतं, आणि त्याच्यानंतर पेरलेलं लहान, धष्टपुष्ट रोप त्याला मागे टाकून जातं. लावायची योग्य वेळ म्हणजे एक किंवा दोन खरी पानं आलेली, तिसरं पान डोकावतंय, अशी. जाड, मांसल पहिली जोडी ही पानांत धरायची नाही. ती बीचीच दलं.

बाहेर काढण्याआधी आठ-दहा दिवस सवय लावा. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, वाऱ्याच्या आड. मग थोडं ऊन, मग अर्धा दिवस. रात्री घरात. १० अंशांच्या खाली गेलेली एक रात्रसुद्धा रोपाला मानवत नाही. मरत नाही, पण रुसतं.

मातीला ऊब

माझ्याकडे असलेल्या सगळ्या अवजारांत सगळ्यात जास्त वापरलं जातं ते मातीत खुपसायचं थर्मामीटर. सकाळी आठ-साडेआठला, दहा सेंटिमीटर खोल. दुपारचं मोजू नका, दुपारची माती लबाड असते. सलग तीन-चार सकाळी तो आकडा १५ च्या वर राहिला तर लावणी. १८ असेल तर फारच छान. आकडा १२ असताना कॅलेंडर काहीही म्हणो, थांबा.

तो आकडा लवकर वर न्यायचा तर तीन उपाय. पहिला, उंच वाफा. २०-२५ सेंटिमीटर उंच केलेली माती बर्फाचं पाणी धरून ठेवत नाही आणि बाजूनेही तापते. दुसरा, काळा मल्चिंग पेपर, म्हणजे मातीवर अंथरायचं पातळ प्लास्टिक, लावणीच्या दोन आठवडे आधी अंथरलेला. तो मातीला चिकटून, ताणून बसला पाहिजे. खाली हवेची पोकळी राहिली तर प्लास्टिक तापतं आणि माती गारच राहते. पेपर अंथरून काही उपयोग झाला नाही म्हणतात त्यांच्याकडे बहुतेक हेच झालेलं असतं. नीट बसवलेला काळा पेपर मातीत दोन-तीन अंशांची भर घालतो. पारदर्शक प्लास्टिक त्याहून जास्त तापवतं, पण त्याच्याखाली तणाचं रान माजतं. मी मधला मार्ग काढते: आधी पारदर्शक अंथरून तण उगवू द्यायचं, ते खुरपून टाकायचं, मग काळा.

तिसरा उपाय म्हणजे कंपोस्टचा ढीग. अर्धवट मुरलेल्या, अजून आतून कोमट असलेल्या ढिगावर दोन पाट्या चांगली माती टाकून त्यात रोप लावायचं. खालून ऊब, वरून ऊन, आणि खत तर आहेच. दिसायला गबाळं दिसतं, पण भोपळ्याला आवडतं.

खड्ड्यात दोन पाट्या मुरलेलं कंपोस्ट पुरे. नत्राचा मारा करू नका. जास्त नत्र मिळालं की वेल छत्रीएवढी पानं काढत बसतो आणि फुलायला उशीर करतो. आपल्याकडे नेमका उशीरच परवडत नाही. दोन झुडपी रोपांमध्ये मीटरभर अंतर, वेलींच्या जातींना दीड ते दोन मीटर.

लावल्यावर त्याच दिवशी कमानी रोवून फ्लीस टाका, म्हणजे ते पांढरं, हलकं, न विणलेलं कापड. रात्री दोन-तीन अंशांची राखण होते, दिवसा वारा अडतो, आणि कोवळ्या पानांवर येणारे किडेही बाहेर राहतात. कापड पानांना टेकू देऊ नका, टेकलं तिथे थंडी लागते. कडा मातीने दाबून टाका, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात ते कुंपणावर दिसेल. प्लास्टिकचा बोगदा असेल तर ऊन पडलं की तोंडं उघडायची. आतलं तापमान ३५ च्या पुढे गेलं तर फुलं गळतात. आणि बिनशंखाच्या गोगलगायी: ओल्या, गार आठवड्यात त्या एका रात्रीत रोप बुडखापासून कापून नेतात. टॉर्च घेऊन संध्याकाळी वेचणं हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात खात्रीचा उपाय.

पाणी बुंध्याशी, आठवड्यातून एकदोनदा, खोलवर. शक्यतो सकाळी, आणि टाकीत दिवसभर तापलेलं. नळाचं बर्फाळ पाणी दुपारी तापलेल्या मुळांवर ओतू नका.

फूल

पहिलं मादी फूल दिसलं की फ्लीस काढायचं. बरेच जण थंडीच्या भीतीने ते ठेवतात आणि मग फळं का धरत नाहीत म्हणून विचारत बसतात. आत मधमाशी शिरणार कुठून?

नर आणि मादी ओळखणं सोपं. नर फूल लांब, बारीक देठावर सरळ उभं असतं. मादीच्या पाकळ्यांखाली त्या जातीचा इवलासा भोपळाच असतो: बटरनटचा लांबट, रेड कुरीचा गोल, झुकिनीचा बोटाएवढा. एरवी नर आधी येतात आणि मादी आठ-दहा दिवसांनी. गार हवेत कधी उलटं होतं. झुकिनीवर आधी सगळी मादीच फुलं, आणि पराग द्यायला नर एकही नाही. मग ती बाळफळं पिवळी पडून गळतात. घाबरू नका, आठवड्यात जमून येतं.

भोपळ्याचं फूल एकच सकाळ उघडं असतं. पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं ते कायमचं. त्या सकाळी पाऊस किंवा ९-१० अंशांचा गारठा असेल तर मधमाश्या पोळ्यातून निघत नाहीत. केसाळ मोठे भुंगे निघतात, ते तुमच्याकडे असतील तर नशीब. नसतील तर हे काम आपण करायचं, आणि तोकड्या हंगामात मी ते माश्यांवर सोडतच नाही. लाल पेनाची तारीख जवळ येत असताना एकेक फूल मोलाचं असतं.

आदल्या संध्याकाळी वेलांमधून फिरायचं. उद्या उमलणारी कळी टोकाशी पिवळी झालेली असते. हिरवी कळी अजून दूर आहे. मादी कळी सापडली की तिथे काठी रोवून खूण करायची, कारण सकाळी पानांच्या गर्दीत ती हमखास सापडत नाही. दोन-तीन नर कळ्यांचीही जागा बघून ठेवायची. सकाळी सात-आठच्या सुमारास, दव ओसरलं की नर फूल देठासकट खुडायचं आणि पाकळ्या सोलून टाकायच्या. हातात राहते ती पिवळी दांडी. तिला बोट लावून बघायचं. बोटावर पिवळी भुकटी आली तर पराग मोकळे झाले आहेत. काहीच आलं नाही तर हवा अजून गार आहे, अर्ध्या तासाने परत या. मादी फुलाच्या मध्यात तीन जाड, चिकट पाळ्या असतात. तिन्ही पाळ्यांवर दांडी हलकेच, सगळीकडून फिरवायची. एखादी पाळी सुटली तर फळ एका बाजूने चेपलेलं येतं. एका मादीला दोन नर वापरले तर खात्री जास्त. दुपारी पाऊस येणार असेल तर पाकळ्यांची टोकं जुळवून वर कपड्याचा चिमटा लावून टाकायचा.

तीन-चार दिवसांत कळतं. बाळभोपळा तकतकीत होऊन फुगायला लागला की जमलं. त्याच्याखाली फळीचा तुकडा किंवा फरशी सरकवा, ओल्या मातीवर बसलेलं फळ खालून सडतं. काठीवर तारीख लिहा. पुढे तोडताना ती तारीख सगळ्या खुणांपेक्षा खरं बोलते.

कात्री

लाल पेनाची तारीख आली की हात आवरायचा नाही. मोठ्या फळांच्या वेलावर दोन, लहान फळांच्या वेलावर चार-पाच धरलेली फळं ठेवायची, आणि मग वेलाचा शेंडा खुडायचा, शेवटच्या फळाच्या पुढे तीन-चार पानं सोडून. बगलेतून फुटणाऱ्या नव्या फांद्याही. आणि त्यानंतर येणारं प्रत्येक मादी फूल तोडून टाकायचं. नवख्या माणसाचा हात इथे थरथरतो. पण वेलाकडे उरलेली ऊब ठरावीक आहे; ती सात कच्च्या भोपळ्यांत वाटायची की तीन पिकल्या, हा निर्णय तुम्ही घेतला नाहीत तर फ्रॉस्ट घेईल. झुकिनीला यातलं काही लागू नाही.

पानं मात्र कापू नका. 'फळाला ऊन लागावं' म्हणून पानं छाटणारे पाहिले की माझा जीव वरखाली होतो. साखर पानांत बनते. फळ उन्हाने पिकत नाही, पानांच्या कमाईवर पिकतं. ऑगस्टच्या शेवटी जुन्या पानांवर भुरी येईलच, पांढरी पूड टाकल्यासारखी. त्यातली अगदी वाळलेली काढा, बाकीची राहू द्या.

तोडणी

फ्रॉस्टचीच वाट पाहायची असा समज आहे, तो नुकसान करतो. हलक्या फ्रॉस्टने पानं जातात आणि फळ वरकरणी ठीक दिसतं, पण त्याआधीच, १० अंशांखालच्या एकापाठोपाठ एक रात्रींनी, फळाला आतून थंडी बाधू लागलेली असते. असं फळ तोडताना सुरेख दिसतं आणि साठवणीत डागाळून सडतं. एखाद-दुसऱ्या गार रात्रीला जाड चादर टाकून निभावून न्या. आठवडाभर तशाच रात्री येणार असं दिसलं की तोडा.

पिकल्याची खूण जातीनुसार बदलते. रंगावर फार जाऊ नका, कबोचा तर पिकल्यावरही हिरवाच राहतो. मॅक्सिमाचा देठ बघा: कच्चा असताना तो गोल, रसदार, हिरवा, पिकत आला की त्याच्यावर तपकिरी रेघा उमटतात आणि बुचाच्या लाकडासारख्या कोरड्या, फिकट भेगा पडत जातात. निम्म्याहून जास्त देठ असा झाला की फळ तयार. एकॉर्न उलटा करून जमिनीला टेकलेला डाग बघा. फिकट पिवळ्याचा गडद नारिंगी झालेला हवा. बटरनटवरच्या हिरव्या रेघा पूर्ण जाऊन तो सगळीकडून मंद बदामी व्हायला हवा. नखाची परीक्षा सगळ्यांना चालते: साल नखाने दाबली तर खूण पडावी, नख आत जाऊ नये. पण ती परीक्षा एकाच फळावर करा, सगळ्यांना नखं लावत सुटू नका.

देठ पाचेक सेंटिमीटर ठेवून धारदार कात्रीने कापा. पिरगाळायचा नाही, आणि देठाला धरून उचलायचं तर मुळीच नाही. देठ तुटला की तिथून कूज आत शिरते; तसं फळ आधी संपवा.

मग वाळवण. एकॉर्न सोडून बाकीचे सगळे भोपळे आठ-दहा दिवस २५ ते २८ अंशांत, खेळत्या हवेत ठेवा. ऊबदार प्रदेशात हे शेतातच होतं. आपल्याकडे सप्टेंबरात बाहेर तेवढी ऊब कुठली? भट्टीची खोली, उन्हाची बंद गॅलरी, काचघर, जे असेल ते. याने साल टणक होते आणि लहानसहान ओरखडे भरून येतात. रंग बदलायला लागलेली अर्धकच्ची मॅक्सिमा फळं इथे आणखी थोडी पिकतात. ज्यांच्यात रंगाचा मागमूस नाही ती पिकणार नाहीत, पण टाकूही नका. ती झुकिनीसारखी शिजवता येतात, आठवडा-दोन आठवड्यांत.

त्यानंतर १० ते १३ अंशांची कोरडी जागा, एकेक फळ सुटं, एकमेकांना न टेकता, फळीवर. फ्रिज नको, गारठलेलं तळघरही नको.

खाण्याचा क्रम ठरलेला असू द्या. एकॉर्न पाच ते आठ आठवडे टिकतो, त्यामुळे तो आधी. मग डेलिकाटा. कबोचा आणि रेड कुरी तोडल्या तोडल्या कापू नका, कोरडे आणि पिठूळ लागतात. महिनाभर थांबलात तर आतल्या स्टार्चची साखर होते आणि त्याच फळाची चव पालटते. बटरनट त्यांच्या मागून, आणि हबर्ड सगळ्यात शेवटी. नीट ठेवला तर तो पाच-सहा महिनेसुद्धा राहतो.

बी राखणार असाल तर एक धोका ऐकून ठेवा. एकाच प्रजातीतल्या जातींचा संकर सहज होतो. झुकिनीशेजारी शोभेचे कडू भोपळे असतील तर पुढच्या वर्षीच्या झाडावर दिसायला झुकिनी आणि आत विषारी कडवटपणा, असं फळ येऊ शकतं. तो कडवटपणा शिजवून जात नाही. घरच्या बीच्या किंवा उकिरड्यावर आपोआप उगवलेल्या वेलाचं फळ शिजवण्याआधी कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि ते अख्खं फळ फेकून द्या. शुद्ध बी हवं असेल तर मघाशी सांगितलेला चिमटा आदल्या संध्याकाळीच लावा, नर आणि मादी दोन्ही कळ्यांना. सकाळी आपल्या हाताने पराग लावून मादी पुन्हा बंद करा, आणि त्या फळाच्या देठाला रंगीत दोरा बांधा, म्हणजे स्वयंपाकघरात कुणी चुकून कापणार नाही.